'लीव्ह', 'सोडणे' आणि 'टाकणे' : एका क्रियापदाच्या भाषांतराविषयी

पदव्युत्तर वर्गाच्या भाषांतरविषयक अभ्यासपत्रिकेत अवघड शब्दांनी विद्यार्थी फारसे अडत नाहीत. अवघड शब्द आला की ते कोश उघडतात. अडचण होते ती पाचवी-सहावीतच शिकून झालेल्या क्रियापदांनी. 'लीव्ह' हे अशांपैकी एक. त्याला 'सोडणे' हा प्रतिशब्द इतका पक्का बसला आहे की त्यासाठी कोश पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि त्यामुळेच कथा-कादंबऱ्यांच्या भाषांतरांत, विशेषतः घर सोडणाऱ्या किंवा सोडू पाहणाऱ्या स्त्रियांच्या कथांत, मूळ लेखकाने न केलेला न्यायनिवाडा भाषांतरकाराच्या हातून नकळत होऊन जातो. प्रस्तुत टिपणाचा रोख या गोष्टीकडे आहे.

प्रथम दोन्ही क्रियापदांच्या मुळाकडे पाहू. 'लीव्ह'चा प्राचीन इंग्रजीतील अर्थ 'मागे राहू देणे' असा आहे. जर्मन भाषेत 'राहणे' या अर्थाचे 'ब्लाइबेन' हे जे क्रियापद आहे, त्याच्याशी त्याचे मूळ नाते आहे. म्हणजे ते 'राहणे'चे प्रयोजक रूप होय. 'निघून जाणे' हा अर्थ त्याला मध्ययुगीन इंग्रजीत जडला. जो काही मागे राहू देतो तो स्वतः पुढे जातो, या साध्या अनुमानाने तो जडला असावा. मराठी 'सोडणे' नेमके उलट्या टोकाकडून येते. ते 'सुटणे'चे प्रयोजक रूप आहे. हिंदीतील 'छूटना-छोड़ना' ही त्याचीच भावंडे असून 'छ'च्या जागी 'स' येणे मराठीच्या प्रकृतीला धरून आहे (छुरी-सुरी, छह-सहा). 'सोडणे'च्या मुळाशी गाठ आहे, बंध आहे. गाठ सोडणे, केस सोडणे, गुरे सोडणे, धरणाचे पाणी सोडणे, उपास सोडणे या सर्वांत काहीतरी बांधलेले, अडवलेले मोकळे होते. इंग्रजी क्रियापदाची नजर मागे काय राहिले याकडे, तर मराठी क्रियापदाची नजर काय सुटले याकडे. अर्थाची वर्तुळे पुढे एकमेकांवर चढली खरी, पण केंद्रे वेगळीच राहिली.

याच शब्दाचे रूप असलेले पण मुळात निराळे असे 'लीव्ह' हे नामही इंग्रजीत आहे. त्याचा अर्थ परवानगी. कार्यालयातील 'लीव्ह' ती हीच. आपली 'रजा' अरबी-फारसीतून आली, तिचाही मूळ अर्थ संमती असाच. 'निरोप' म्हणजे सांगावा, आणि 'निरोप' म्हणजे जाण्याची मुभाही. जाणाऱ्याने आपल्या मर्जीने जायचे नसते, राहणाऱ्याकडून जाणे मागून घ्यायचे असते, ही कल्पना दोन्ही समाजांत दिसते. मराठी माणूस तर उंबऱ्यावर 'जातो' असे म्हणतच नाही, 'येतो' म्हणतो.

आता मुख्य मुद्दा. कोणीतरी गेले आणि दार उघडे होते, एवढे सांगण्यासाठी इंग्रजीला 'लीव्ह' पुरते. मराठीत मात्र त्याने दार उघडे 'ठेवले', उघडे 'टाकले', किंवा त्याच्याकडून दार उघडे 'राहिले' यांपैकी एक निवडावेच लागते. 'ठेवले' म्हटले की हेतू आला, 'टाकले' म्हटले की बेफिकिरी आली, आणि 'राहिले' म्हटले की दोष जवळपास नाहीसाच झाला. छत्री पाहुण्यांच्या घरी विसरते तेव्हा इंग्रज आपण ती 'लेफ्ट' असे म्हणून कर्तेपण स्वतःकडे घेतो, मराठी माणूस "माझी छत्री तुमच्याकडे राहिली" असे म्हणून ते छत्रीकडे देतो. 'नोकरी सोडली' आणि 'नोकरी सुटली' यांतला फरकही असाच. इंग्रजी क्रियापद जबाबदारीचा प्रश्न संदर्भावर सोपवते, मराठी वाक्य तो क्रियापदातच बहुधा निकालात काढते. येथे एकास एक प्रतिशब्द शोधणे व्यर्थच आहे. भाषांतरकाराला प्रत्येक वेळी, मूळ लेखक जेथे मूक आहे तेथे बोलावे लागते.

अलीकडच्या वृत्तपत्री मराठीने हा प्रश्न सोडवला आहे तो निवड करण्याचे टाळून. खेळाडू आता प्रतिस्पर्ध्याला 'मागे सोडतात', पूर्वी 'मागे टाकीत' असत. अभिनेत्री भूमिकेत आपली 'छाप सोडते', पूर्वी ती 'पाडीत' वा 'उमटवीत' असे. प्रश्न 'अनुत्तरित ठेवला' न जाता 'अनुत्तरित सोडला' जातो. याचा सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारण्याची रीत आहे, ती मला पटत नाही. हिंदी 'छोड़ना' या साऱ्या जागा सहज व्यापते आणि आपले 'सोडणे' तिचे सख्खे भावंड असल्याने वाट आयतीच मोकळी होते. शुद्धतेचा आग्रह येथे धरायचा नाही. 'समास सोडून लिहा', 'एक ओळ सोडून लिहा', 'त्याला सोडून सगळे आले' हे प्रयोग मराठीत पूर्ण रुळलेले आहेत आणि त्यांना कोणी परके म्हणू नये. 'हक्कावर पाणी सोडणे' तर दानविधीतल्या उदकापासून निघालेले, अस्सल. तक्रार एवढीच की 'ठेवणे', 'टाकणे', 'राहणे' यांच्या जागा बुजल्या की त्यांच्याबरोबर हेतूचे बारकावेही बुजतात.

माणसांच्या बाबतीत हे बुजणे महाग पडते. 'त्याने बायकोला माहेरी सोडले' आणि 'त्याने बायकोला सोडले' यांत एका शब्दाचे अंतर आहे, आणि किती संसारांत पहिल्या वाक्याचे दुसरे झाले हे त्या बायकांनाच ठाऊक! बोलीत अशा स्त्रीला 'टाकलेली' म्हणतात, लेखी मराठीत 'परित्यक्ता'. दोन्ही रूपे कर्मणी आहेत, तिच्यावर क्रिया घडलेली आहे. बायकोने सोडलेल्या पुरुषासाठी असे रुळलेले नाम आपल्याकडे नाही. उलट स्त्री स्वतः बाहेर पडली तर 'सोडले' हे क्रियापदही तिला सहजी मिळत नाही. 'नवरा टाकून आली', 'पळून गेली', 'नांदत नाही' अशी वाक्ये मिळतात आणि ती सगळी मागे राहिलेल्यांच्या तोंडची असतात.

जेम्स जॉइसची 'एव्हलिन' ही कथा (1904, पुढे 'डब्लिनर्स' या 1914च्या संग्रहात) या दृष्टीने वर्गात अवश्य वाचावी. एकोणीस वर्षांची मुलगी, मारकुटा होत चाललेला बाप, मरणाऱ्या आईला घर सांभाळण्याचे दिलेले वचन, आणि ब्वेनोस आयरेसला घेऊन जाऊ पाहणारा खलाशी फ्रँक. ती घर सोडण्याचा विचार करीत खिडकीशी बसते आणि अखेर बंदरावर कठड्याला घट्ट धरून राहते, जात नाही. कथेचे निवेदन तृतीयपुरुषी असले तरी तिच्याच मनाच्या इतके जवळून चालते की क्रियापद कोणाचे, निवेदकाचे की तिचे, हे सांगता येऊ नये. इंग्रजीत 'लीव्ह' आणि 'गो अवे' या निर्विकार शब्दांमुळे तिला आपल्या बेताकडे न्याय न करता पाहता येते. मराठीत 'घर टाकून जाणे' लिहिले तर आईला दिलेले वचन पहिल्याच परिच्छेदात बोलू लागेल. 'पळून जाणे' लिहिले तर शेजारीपाजारी बोलतील. 'घराबाहेर पडणे' हा प्रयोग आपल्या समीक्षेला फार प्रिय, पण त्याने एव्हलिनला तिच्यात नसलेला निश्चय बहाल होतो.

माझ्या मते येथे 'सोडणे'च योग्य, पण कोशातले पहिले म्हणून नव्हे. एव्हलिनला हवी आहे ती सुटका. मराठीत 'सोडणे', 'सुटणे' आणि 'सुटका' एकाच धातूचे आहेत. घर सोडले तरच ती सुटणार, आणि शेवटी कठडा तिच्या हातून सुटत नाही. इंग्रजीत नसलेली ही साखळी मराठी भाषांतरात आपोआप येते. भाषांतरात नेहमी हानीच होते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण तपासून पाहावे.

उलट दिशेने, मराठीतून इंग्रजीत जाताना, 'नांदणे' हा शब्द असाच अडवतो. 'ती नांदत नाही' याचे 'शी हॅज लेफ्ट हिम' केले तर ती कधीतरी तेथे राहत होती असे गृहीत धरले जाते. रखमाबाईंच्या खटल्यात (1884-88) वाद याच गृहीतकाभोवती फिरला. दावा होता वैवाहिक हक्क परत प्रस्थापित करण्याचा. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला तो सहजीवन मुळात सुरूच झाले नव्हते, मग परत काय प्रस्थापित करायचे, अशा भूमिकेतून. पुढे अपिलात हा निर्णय टिकला नाही, पण शब्दाचा प्रश्न त्यांनी अचूक हेरला होता. जी गेलीच नाही तिने सोडले कसे? मराठीला 'नांदत नाही' म्हणताना हा पेच पडत नाही. गेली नाही, जाऊन परत आली, हाकलली गेली, या तिन्ही स्थिती त्या एका वाक्यात बसतात. येथे धूसर आहे ती मराठी. म्हणून ललित गद्याच्या इंग्रजी भाषांतरात 'नांदणे' तसेच ठेवून संदर्भाने उलगडणे बरे.

या सर्वांवर उपाय नवा प्रतिशब्द घडवण्याचा नाही. कँडी यांनी पूर्ण केलेल्या 1847च्या इंग्रजी-मराठी कोशापासून आपल्याकडे द्विभाषिक कोशांची परंपरा आहे, आणि 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (1932-38) मराठी प्रयोगांचा मोठा साठा करून ठेवला आहे. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र बहुधा पडतात ते शब्दाला शब्द देणारे छोटे कोश. विभागांनी लघुप्रबंधांसाठी विषय देताना एकेका क्रियापदाचे वाक्यसंग्रह करवून घ्यावेत. 'लीव्ह', 'कीप', 'लेट', 'गेट' अशा वीस-पंचवीस क्रियापदांची मराठी वाक्ये मुद्रित साहित्यातून, वर्षासह वेचली तरी शिक्षकाला पुष्कळ आधार मिळेल. परीक्षकांनीही भाषांतराच्या प्रश्नात ठरीव नमुना उत्तराशी ताळा करण्याचे थांबवून, 'दार उघडे टाकले' लिहिणाऱ्या आणि 'दार उघडे राहिले' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हेच का निवडले याच्या दोन ओळी लिहायला लावाव्यात, आणि गुण त्या दोन ओळींना द्यावेत.