प्रकाशाचा कस

सोन्याचा कस सराफ कसोटीच्या दगडावरील रेघेवरून ठरवतो. परंतु जो दगड हाती घेताच येत नाही, त्याचा कस कसा पाहावा? ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरील गेल विवरात उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' यानावर त्यासाठी 'केमकॅम' हे उपकरण आहे. सुमारे सात मीटरपर्यंतच्या खडकावर ते लेसरचा क्षणिक झोत सोडते. मोहरीच्या दाण्याहून लहान ठिपक्यातील द्रव्याची वाफ होऊन हजारो अंश तापमानाचा तेजस्वी प्लाझ्मा निर्माण होतो.

एवढ्या उष्णतेत रेणू टिकत नाहीत; त्यांचे अणू आणि आयन होतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते आणि वर्णपटात त्याच्या रेषा उमटतात. कॅल्शियम, सोडियम यांची ओळख त्यावरून सहज पटते. फ्लोरीन मात्र दडून राहते. त्याच्या अणूंना प्रकाशमान करण्यास फार ऊर्जा लागत असल्याने त्याच्या रेषा अत्यंत क्षीण असतात.

येथे रेणू साहाय्यास येतात. प्लाझ्मा काही मायक्रोसेकंदांतच निवू लागतो आणि विलग झालेले अणू पुन्हा जोडले जातात. कॅल्शियम व फ्लोरीन यांच्या संयोगातून कॅल्शियम मोनोफ्लोराइड बनते. रेणू कंप पावतो, स्वतःभोवती फिरतोही. म्हणून त्याच्या असंख्य रेषा एकमेकींना खेटून प्रकाशाचा रुंद पट्टा दिसतो. ६०३ नॅनोमीटरजवळच्या अशा नारिंगी पट्ट्यावरून गेल विवरातील फ्लोरीनचा शोध लागला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

तथापि या साक्षीचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. हा रेणू खडकात नव्हता. तो प्लाझ्मा निवताना जन्मला. खडकात कॅल्शियम अपुरे असेल, तर फ्लोरीन असूनही पट्टा दिसणार नाही. पृथ्वीवर कोळशावर लेसर सोडल्यास ३८८ नॅनोमीटरजवळ सायनोजेनचा जांभळा पट्टा उमटतो. त्यातील कार्बन कोळशाचा, पण नायट्रोजन बहुतांशी भोवतालच्या हवेतला असतो.

जमेची रक्कम पाहून हिशेबनीस थांबत नाही. ती कोणत्या खात्यातून आली, हेही तो तपासतो. वर्णपट वाचणाऱ्या शास्त्रज्ञालाही तेच करावे लागते. नोंद नाही म्हणून व्यवहारच झाला नाही, असे दोघांनाही म्हणता येत नाही.