भूखंडाला झेंडा नसतो

म्हैसूर नगरविकास प्राधिकरणाचे भूखंड वाटप २०२४ मध्ये देशभर गाजले. काँग्रेसचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या पत्नीची केसरे गावातली ३ एकर १६ गुंठे जमीन प्राधिकरणाने वापरली होती. तिच्या बदल्यात त्यांना विजयनगरसारख्या महागड्या वस्तीत १४ भूखंड मिळाले. भाजप आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाने बंगळुरूहून म्हैसूरपर्यंत पदयात्रा काढली.

गंमत अशी, की हे भूखंड मिळाले तेव्हा राज्यात सरकार भाजपचे होते आणि सिद्धरामय्या विरोधी पक्षनेते होते! चालणाऱ्यांपैकी कुणाला हे आठवले नसेल का?

सिद्धरामय्यांनी आरोप फेटाळले, पत्नीने भूखंड परत केले, फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकायुक्त पोलिसांनी पुरावा नसल्याचे सांगितले. पण प्रश्न एका घराचा नाहीच. प्राधिकरणाच्या बैठकीत म्हैसूरचे आमदार सदस्य म्हणून बसत, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. बाहेर एकमेकांवर तुटून पडणारे आत एकाच टेबलाभोवती! अशा ठिकाणी पक्षाचे धोरण कुणाला अडवत नाही. अडवलेच तर माणसाची स्वतःची लाजच अडवते आणि ती कोणत्याही पक्षाच्या सदस्यत्वाबरोबर मिळत नाही.

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला त्याच्या विरोधकांचे घोटाळे विचारू नका, ते तो न विचारताच सांगेल. त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या राजवटीत भूखंड कुणाकुणाला मिळाले आणि तेव्हा तो बैठकीत काय बोलला, ते विचारा.