इकडचं तिकडचं : सुतापुरतं भांडवल

मंडळी, भिशी आणि बचतगट आपल्याला नवे नाहीत. चार बायका एकत्र आल्या, थोडेथोडे पैसे जमले की एखादीची नड भागते, हे आपण आई-मावशीच्या वेळेपासून बघत आलो. त्याच जातीची युक्ती ग्वाटेमालातल्या माया विणकर बायकांच्या कशी उपयोगी पडते, ते यावेळी सांगावंसं वाटलं.

आतितलान सरोवराच्या काठी आणि आसपासच्या डोंगराळ गावांतून या बायका कमरेच्या मागावर विणतात. मागाचं एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. पुढेमागे झुकून ताण सांभाळायचा. चूल, मुलंबाळं बघून विणायचं, त्यामुळे एखादा नक्षीदार 'विपील' (त्यांचा पारंपरिक झगा) पुरा व्हायला काही महिनेसुद्धा लागतात. १९६० ते १९९६ तिथे यादवी युद्ध चाललं. दोन लाखांच्या आसपास माणसं मेली वा बेपत्ता झाली, त्यांत बहुतेक माया. मागे राहिलेल्या कित्येक विधवांना या मागाचाच आधार उरला.

अडतं कुठे? तर सुतापाशी! हाती रोकड नसली की सूत उधार आणायचं आणि तयार कापड त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने द्यायचं. छोटं कर्ज इथे कामाला येतं. तारण ठेवायला जमीन नावावर नसते, म्हणून गटातल्या बायकाच एकमेकींना जामीन राहतात. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये अशी कर्जं द्यायला सुरुवात केली. कोलोरॅडोतली 'फ्रेंडशिप ब्रिज' ही संस्था १९९८ पासून ग्वाटेमालात हेच काम करते. स्वतःच्या पैशाने सूत आणलेली बाई गिऱ्हाइकाला 'परवडत नाही' असं सांगू शकते. आमच्या मते कर्जाची खरी कमाई ती हीच.

पण नुसत्या कर्जाने सगळं भागतं असं नाही हं! विपील विकला जातो महिन्यांनी, हप्ता मात्र ठरल्या दिवशी भरावा लागतो. छोट्या रकमा गावोगाव वाटायच्या-वसूल करायच्या, म्हणून व्याजही हलकं नसतं. मग हप्त्यासाठी कोंबड्या पाळ, छोटं दुकान चालव, असे जोडधंदे करावे लागतात. त्यात त्यांच्याच नक्षीची यंत्रावर छापलेली स्वस्त नक्कल बाजारात येते. याविरुद्ध विणकर बायका कोर्टात गेल्या. २०१७ मध्ये तिथल्या घटना-न्यायालयाने या नक्षीच्या रक्षणासाठी कायदा करावा, असं संसदेला सुचवलं.

आपली मंडळी सुट्टीत आताशा तिकडेही जातात, आणि घासाघीस करण्यात आपला हात कोण धरणार! तेव्हा एवढंच म्हणतो : किंमत पाडून मागण्याआधी, हे विणायला किती दिवस लागले, ते त्या बाईंना जरूर विचारा.