प्रिय अनडिफाइन्ड, आपला हप्ता जमा झाला

असा मेसेज आला की लोक स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात. मला हसू येत नाही, कारण पतसंस्थांसाठी असे मेसेज पाठवणारी सॉफ्टवेअर लिहिण्यावरच माझं पोट आहे. सभासदाचं नाव कुणी भरलेलंच नसतं. तरी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा त्या ‘काहीच नाही’ची ‘अनडिफाइन्ड’ अशी अक्षरं करून वाक्यात बसवते आणि मेसेज जातो.

बरं, रोज एकच सोंग घेईल तर शपथ! ‘नल’ म्हणजे मुद्दाम रिकामी ठेवलेली किंमत. ती वाक्याला जोडा, ‘नल’ अशी अक्षरं उमटतात. तीच यादीत ठेवून यादीचा मजकूर करा, तिच्या जागी काहीच उमटत नाही. मजकूर करून देणारी टू-स्ट्रिंग थेट तिच्यावर चालवा, एरर येते. खातेदाराची अख्खी नोंद वाक्यात जोडली तर चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’. सगळ्यात वाईट नॅन, म्हणजे बिघडलेल्या गणिताचं उत्तर. जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या साच्यात, जाताना त्याचा गुपचूप नल होतो. व्याजाचा हिशेब चुकला होता की व्याज लावलंच नव्हतं, हे पुढच्या प्रोग्रामला कळायचं कसं?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये १० दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना केला, त्या घाईवर सगळं खापर फोडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. इतर भाषाही अशाच वागतात. पीएचपीत ‘ट्रू’ छापलं तर १ दिसतो, ‘फॉल्स’ छापलं तर कोरा कागद. पायथन २ मध्ये ०.१ अधिक ०.२ नुसतं छापलं तर ०.३ यायचे, यादीत घालून छापलं की त्याच आकड्याला शून्यांची लांब शेपटी आणि टोकाला ४. ही दोन तोंडं २०११ च्या पायथन ३.२ ने एक केली. जावास्क्रिप्टला ते जमणं कठीण, जुनी संकेतस्थळं मोडतील.

तरी २०१५ मध्ये सिम्बॉल हा नवा प्रकार आला, तेव्हा तिथे शहाणपण दाखवलं गेलं. सिम्बॉल वाक्याला जोडू गेलात की एरर. मजकूर हवा असेल तर स्पष्ट मागावा लागतो. मला सगळीकडे हेच हवं आहे. 

एका संस्थेचे मॅनेजर म्हणाले, “मॅडम, नाव नसलं तर नसू दे, मेसेज गेला पाहिजे.” जाऊ दे की, ‘प्रिय सभासद’ म्हणून. पण ते त्यांनी सांगायचं आणि मी प्रोग्राममध्ये लिहायचं.