जुने द्या, नवे घ्या

छत्तीस हे म्हातारपणाचे वय आहे असे या देशात दोनच ठिकाणी मानतात. एक वधूवर सूचक मंडळात आणि दुसरे क्रिकेटमध्ये. सरकारी कचेरीत छत्तिसाव्या वर्षी माणसाला नुकती कुठे पंख्याखालची खुर्ची मिळालेली असते. पण रोहित शर्मा दोन डाव चुकला की औरंगपुऱ्यातल्या चहाच्या टपरीपासून सिडकोपर्यंत एकच ओरड: "अहो, आता थांबावं माणसानं!" मे २०२५ मध्ये तो कसोटीतून थांबला, तरी समाधान नाही. लगेच "एकदिवसीय कधी सोडणार?" सुरू. मग ऑक्टोबरात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने सिडनीला नाबाद १२१ धावा काढल्या. त्या दिवशी टपरीवर सगळे हवामानाविषयी बोलत होते. यातले सर्वांत मोठ्या आवाजाचे गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. वय एकोणसत्तर. सोसायटीचे चिटणीसपद तेरा वर्षे सोडवत नाही.

म्हातारा खेळाडू नको असेल तर निवड समितीने वगळावा, तिचे ते कामच आहे. आपण तिकीट काढणाऱ्यांनी त्याच्या जन्मदाखल्याची नक्कल मागू नये, एवढेच आमचे म्हणणे. धोनीची गोष्ट थोडी निराळी, हे मान्य. २८ मार्च २०२५ ला बंगळूरविरुद्ध तो नवव्या क्रमांकावर आला, १६ चेंडूंत नाबाद ३० धावा केल्या आणि चेन्नई ५० धावांनी हरली. पण त्याला चार कोटींत ठेवून घेता यावे म्हणून पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला गडी 'अनकॅप्ड' मानायचा नियम पुन्हा बाहेर काढला कोणी? विश्वचषक जिंकून देणारा कप्तान कागदोपत्री नवशिका! असला दाखला आमच्या तहसिलीतसुद्धा मिळाला नसता.

असो. आमचा खरा राग त्या 'ट्रेड' नावाच्या प्रकारावर आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईने रवींद्र जडेजा आणि सॅम करन देऊन राजस्थानकडून संजू सॅमसन घेतला. हा व्यवहार आपल्याला नवा नाही. पूर्वी भर दुपारी दारात बोहारीण यायची. जुनी लुगडी, एखादा बरा चाललेला शर्ट तिच्यापुढे टाकायचा आणि तासभर घासाघीस करून एक पातेले घ्यायचे. पण त्या घासाघिशीतही कुठल्या बाईने सासूची पैठणी काढून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जडेजा ही पैठणी होती हो! २०२३ चा अहमदाबादचा अंतिम सामना आठवा. मध्यरात्र उलटलेली, शेवटच्या दोन चेंडूंत दहा धावा हव्यात, आणि याने एक षटकार, एक चौकार मारून करंडक घरी आणला. अडीच वर्षांत तोच माणूस बोहारणीच्या गाठोड्यात. वर किंमतही अठरा कोटींवरून चौदावर.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "चौदा कोटींत कसलं आलंय हो दुःख?" बरोबर आहे. जडेजासाठी आम्हीही रडत नाही. आम्हाला खुपते ते 'कुटुंब'. जाहिरातीत हे संघ म्हणजे कुटुंब, आणि नोव्हेंबर आला की कुटुंबातला थोरला चुलता बाजारात! आणि खेळाडूने स्वतःहून दुसरे घर पाहिले तर? २०१० साली राजस्थानचा करार न करता परस्पर दुसरीकडे बोलणी केली म्हणून याच जडेजाला त्या वर्षीच्या आयपीएलमधून बाहेर बसवले होते. ट्रेडला आता खेळाडूची संमती घेतात म्हणे. घेत असतील. मराठवाड्यातल्या कुठल्याही नोकरदाराला विचारा, 'विनंती बदली'चा अर्ज कधी कधी कोण लिहून घेतो ते.

आणि आम्ही प्रेक्षक काय करतो? बदली करणाऱ्याला सोडून बदलून आलेल्याला छळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले आणि डिसेंबरात पाच करंडक जिंकलेल्या रोहितचे कप्तानपद त्याच्या हाती दिले. २०२४ च्या हंगामात अहमदाबादेत त्याची हुर्यो, आणि खुद्द वानखेडेवरही हुर्यो. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना माईकवरून लोकांना नीट वागायला सांगावे लागले. आमच्या दिवाणखान्यातही त्या दिवशी टीव्हीपुढे हुर्यो झाली. ज्यांनी हुकूम काढला ते मालक वर काचेआड गार हवेत बसले होते, त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही. पुढे २९ जूनला ब्रिजटाऊनमध्ये शेवटच्या षटकात सोळा धावा राखायला चेंडू रोहितने कोणाच्या हाती दिला? हार्दिकच्याच! विश्वचषक आला, आणि हुर्यो करणारे आमचे चिरंजीव फटाके घेऊन क्रांती चौकाकडे पळाले.

तसे पाहिले तर मुंबई काय आणि चेन्नई काय, आम्हा संभाजीनगरकरांचा त्यांच्याशी संबंध कसला? आमच्या गावाचा त्या बाजारात संघच नाही. आम्ही माणूस धरतो, आणि माणूस गेला की लोंबकळत राहतो. जुना होईपर्यंत खेळायला मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे हे या गावाला ठाऊक आहे. इथे जन्मलेला इक्बाल सिद्दिकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला. जिंकायला पाच धावा हव्या असताना या गोलंदाजाला सलामीला पाठवले आणि पाचही त्याच्या बॅटमधून आल्या. त्यानंतर कसोटीचे बोलावणे आलेच नाही. त्याला "आता थांबा" म्हणायचीही पाळी कोणावर आली नाही.

सध्या आमच्या घरात आठ नंबरची, जडेजाच्या नावाची पिवळी जर्सी पडून आहे. राजस्थानची गुलाबी घ्यायला चिरंजीव तयार नाहीत आणि पिवळीवर 'सॅमसन' शिवून देणार नाही असे त्यांच्या आईने सांगितले आहे. परवा गल्लीत कधी नव्हे ती बोहारीण आली होती. तिने जर्सी उलटीपालटी केली, कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि परत देत म्हणाली, "असला माल आमी घेत न्हाई, बाई."