आरोप ही फिर्याद असावी, फेकायचा धोंडा नव्हे

अमेरिकेत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट हे दोन पक्ष भांडू लागले की ‘वर्णद्वेषी’ हा शब्द फार लवकर ओठांवर येतो. डेमोक्रॅट म्हणतात, रिपब्लिकन वर्णद्वेषी आहेत. रिपब्लिकन म्हणतात, गुलामगिरीची पाठराखण करणारा पक्ष तुमचा, लिंकन आमचा. दोघांच्याही हाती इतिहासाचा एकेक तुकडा असतो आणि दोन्ही तुकडे खरे असतात. दक्षिणेकडील गोऱ्या सत्तेचा पक्ष पिढ्यान् पिढ्या डेमोक्रॅटच होता, हे खरे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर तोच गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकन पक्षाच्या वळचणीला गेला, हेही तितकेच खरे. मग प्रश्न असा की, या भांडणात काळ्या माणसाच्या पदरात काय पडले?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांला आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांचे दुःख आणि निग्रोंचे दुःख यांतले साम्य त्यांनी त्या पत्रात नोंदवले होते. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हा तिथल्या काळ्या माणसावरचा आरोप आणि त्याने केलेला आरोप, या दोहोंकडे आम्ही परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही.

आधी एक जुने प्रकरण. डिसेंबर २००२ मध्ये सिनेटर स्ट्रॉम थरमंड यांचा शंभरावा वाढदिवस साजरा झाला. या थरमंड यांनी १९४८ साली काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती. त्या निवडणुकीत ते जिंकले असते तर देशापुढे आजच्या अडचणी आल्या नसत्या, अशा अर्थाचे उद्गार रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट यांनी समारंभात काढले. गदारोळ झाला, लॉट यांना सिनेटमधील नेतेपद सोडावे लागले. त्यांच्या पाठीराख्यांनी लगेच डेमोक्रॅटांचे ज्येष्ठ सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्याकडे बोट दाखवले. बर्ड तरुणपणी कू क्लक्स क्लॅनमध्ये होते. ‘तुझे पाहा, माझे पाहू नकोस’ असा हा खेळ. पुढे २००६ साली पक्षाने लॉट यांना सिनेटमध्ये पुन्हा प्रतोदपदी निवडून दिले. ज्याच्या पाठीशी पक्ष असतो त्याला हा डाग धुऊन मिळतो.

ज्याच्या पाठीशी कोणी नसते त्याचे काय होते, हे २०१० च्या जुलै महिन्यात साऱ्या जगाने पाहिले. शर्ली शेरॉड या जॉर्जिया राज्यातल्या काळ्या बाई. १९६५ साली, त्या सतरा वर्षांच्या असताना, त्यांच्या शेतकरी वडिलांना शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्याने गोळी घातली. साक्षीदार होते, पण सगळ्या गोऱ्या पंचांच्या मंडळाने खटलाच उभा राहू दिला नाही. त्या बाईंनी दक्षिण सोडली नाही. पती चार्ल्स शेरॉड आणि इतर कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी १९६९ साली ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने सुमारे सहा हजार एकरांची काळ्या शेतकऱ्यांची सामुदायिक शेती उभी केली. दुष्काळ पडला तेव्हा सरकारी कर्जासाठी त्यांना अडवून धरण्यात आले आणि १९८५ साली ती जमीन हातची गेली. काळ्या शेतकऱ्यांना कर्ज नाकारल्याबद्दल कृषी खात्याविरुद्ध जो मोठा सामूहिक दावा लढला गेला आणि १९९९ साली ज्यात तडजोड झाली, त्याच दाव्यातून या संस्थेला २००९ साली सुमारे सव्वा कोटी डॉलरची भरपाई मिळाली. त्याच वर्षी शेरॉड बाईंची त्याच कृषी खात्यात, जॉर्जियाच्या ग्रामीण विकासाच्या संचालक म्हणून नेमणूक झाली. त्या पदावर बसणारी ती पहिली काळी व्यक्ती.

आता जुलै २०१० कडे येऊ. कृष्णवर्णीयांची जुनी संघटना एन.ए.ए.सी.पी. हिने १३ जुलैला कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात ठराव केला की, ओबामांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ‘टी पार्टी’ चळवळीत वर्णद्वेषी मंडळी शिरली आहेत, त्यांना नेत्यांनी दूर सारावे. त्यावर टी पार्टीच्या एका गटाच्या प्रवक्त्याने काळ्या लोकांची टिंगल करणारे, लिंकनच्या नावे लिहिलेले खोटे पत्र प्रसिद्ध केले. ठरावातला आरोप त्याने स्वतःच्या हातानेच सिद्ध केला. टी पार्टीच्या महासंघाला त्याचा गट बाहेर काढावा लागला.

हिशेब चुकता करण्यासाठी १९ जुलैला अँड्र्यू ब्राइटबार्ट या उजव्या प्रचारकाने इंटरनेटवर एक छोटी चित्रफीत टाकली. तिच्यात शेरॉड बाई एन.ए.ए.सी.पी.च्याच एका शाखेच्या कार्यक्रमात सांगत होत्या की, बऱ्याच वर्षांपूर्वी एक गोरा शेतकरी मदत मागायला आला तेव्हा आपण त्याच्यासाठी पूर्ण ताकद लावली नाही. झाले! ‘पाहा, वर्णद्वेषी कोण ते’ असा गलका उठला. त्याच दिवशी वरिष्ठांचे फोन सुरू झाले. बाई गाडीने प्रवासात होत्या. गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि राजीनामा पाठवा असे आपल्याला सांगण्यात आले, असे त्यांनी नंतर सांगितले. राजीनामा गेला. आणि ज्या संघटनेच्या व्यासपीठावर त्या बोलल्या होत्या, तिच्या अध्यक्षांनीही त्यांचा निषेध केला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भाषण बाहेर आले. ते सुमारे पाऊण तासाचे होते. बाई सांगत होत्या ती १९८६ ची, सरकारी नोकरीच्या कितीतरी आधीची गोष्ट होती. तो गोरा शेतकरी जमीन गमावण्याच्या बेतात होता. आधी आपले मन आखडले, पण मग कळले की लढाई काळ्या-गोऱ्याची नाही, असणाऱ्यांची आणि नसणाऱ्यांची आहे. म्हणून आपण त्याची जमीन वाचवली, असा त्या भाषणाचा सारा आशय होता. त्या शेतकरी दांपत्याने स्वतः पुढे येऊन सांगितले की, आमचे शेत या बाईंमुळे राहिले. मग माफ्यांची रांग लागली. एन.ए.ए.सी.पी.ने निषेध मागे घेतला, कृषिमंत्री टॉम व्हिलसॅक यांनी माफी मागितली, २२ जुलैला ओबामांनी फोन केला. दुसरी नोकरी देऊ केली गेली, ती बाईंनी नम्रपणे नाकारली. ब्राइटबार्टवर त्यांनी बदनामीचा दावा लावला. तो माणूस २०१२ साली वारला आणि दावा २०१५ साली तडजोडीने मिटला.

या प्रकरणात ब्राइटबार्टने केले ते शत्रूचे काम होते. त्याचे आम्हांला नवल नाही. आम्हांला बोचते ते मित्रांचे वागणे. ज्यांच्याकडे पूर्ण चित्रफीत होती त्यांनी ती पाहिली नाही. ज्यांच्याकडे सत्ता होती त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. का? तर, ‘आम्ही काळ्यांनाही सोडत नाही, पाहा आम्ही किती निःपक्षपाती’ हे दाखवण्याची घाई. पीडित समाजाचे पुढारी आणि त्यांचे कैवारी म्हणवणारे पक्ष विरोधकाच्या आरोपाला इतके भितात की आपल्याच माणसाचा बळी देऊन मोकळे होतात. बाईंची नेमणूक राजकीय होती, मर्जीवरची होती, हे खरे. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे तत्त्व केवळ नियमपुस्तकातले नसते. बाबासाहेबांच्या संविधानाने अनुच्छेद ३११ मध्ये सरकारी नोकराला जे संरक्षण दिले, त्याचे मर्म हेच आहे : आरोप कळवा, म्हणणे मांडू द्या, मग निर्णय घ्या. तेवढी एक रात्र थांबले असते तरी हा अन्याय टळला असता.

आणखी एक गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली नाही. काळ्या शेतकऱ्यांच्या उरलेल्या दाव्यांसाठी फेब्रुवारी २०१० मध्ये सव्वाशे कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली होती. पैसा मंजूर करणे काँग्रेसच्या हाती होते. आणि वर्णद्वेषी कोण यावर दूरदर्शनच्या पडद्यावर हमरीतुमरी चालू होती, त्याच जुलै महिन्यात सिनेटने तो निधी एका विधेयकातून वगळला. डिसेंबर २०१० मध्ये कायदा होईपर्यंत म्हाताऱ्या शेतकऱ्यांना वाट पाहावी लागली. शब्दावर भांडण झाले, पैसा अडकून राहिला. पक्षीय आरोपबाजीचा खरा तोटा हा आहे.

पुढेही हेच चालले. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चार महिला लोकप्रतिनिधींना उद्देशून, जिथून आलात तिथे परत जा, असे लिहिले. चौघींपैकी तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. प्रतिनिधिगृहात निषेधाचा ठराव आला आणि सभापती नॅन्सी पेलोसी यांनी त्या लिखाणाला वर्णद्वेषी म्हटले, तेव्हा हा शब्द सभागृहाच्या नियमात बसतो का, यावरच वाद झडला. तो शब्द नियमबाह्य ठरवला गेला. शेवटी मतदान घेऊन तो नोंदीत ठेवावा लागला. ठराव २४० विरुद्ध १८७ मतांनी मंजूर झाला, पण रिपब्लिकन पक्षातून त्याच्या बाजूने चारच मते पडली. म्हणजे पुरावा लेखी, लिहिणाऱ्याच्या सहीचा असला तरी निकाल पक्षाच्या रेषेवरच लागतो! अपमान झाला की नाही, यापेक्षा अपमान म्हणायची परवानगी आहे की नाही, हा मोठा प्रश्न होऊन बसतो.

मग काय, वर्णद्वेषाचा आरोप करूच नये? येथले सभ्य लोक हाच सल्ला देतील. जातीचे नाव काढले की ‘तुम्हीच जातीयवादी’ असे ऐकण्याची आंबेडकरी माणसाला सवय आहे. आम्ही हा सल्ला फेटाळतो. २०१० च्या त्याच आठवड्यात एन.ए.ए.सी.पी.चा ठराव टिकला, कारण त्याच्यामागे दाखवता येण्याजोगे कृत्य होते. ब्राइटबार्टचा आरोप दोन दिवसांत कोसळला, कारण त्याच्यामागे कापलेली फीत होती. दोष शब्दात नाही, तो पुराव्याविना फेकण्यात आहे.

महाराष्ट्रात हा भेद ओळखणे फार गरजेचे आहे, कारण अॅट्रॉसिटी कायद्याविरुद्ध नेमका हाच घोळ घातला जातो. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी, गैरवापराच्या भीतीपोटी, गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी आणि अटकेआधी परवानगी असे अडथळे घातले. २ एप्रिलला भारत बंद झाला, काही जणांचे प्राण गेले. संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. कोणी म्हणेल, शेरॉड बाईंसाठी चौकशी मागता आणि येथे चौकशीला विरोध करता? हा युक्तिवाद फसवा आहे. गुन्हा नोंदवणे ही शिक्षा नव्हे. गुन्हा नोंदवला की तपास होतो, साक्षीपुरावा होतो, उलटतपासणी होते; आरोपीला आपली बाजू मांडण्याची पायरोपायरी संधी मिळते. शेरॉड बाईंना शिक्षा आधी मिळाली आणि चौकशी झालीच नाही. येथे आमच्या माणसाची फिर्यादच लिहून घ्यायची नाही, म्हणजे चौकशीचे दारच बंद. दोन्हीकडे नाकारली जाते ती सुनावणीच.

म्हणूनच आंबेडकरी चळवळीतील गटांना आमचे सांगणे आहे. निवडणुका आल्या की एक गट दुसऱ्याला ‘मनुवाद्यांचा दलाल’ म्हणतो, तिकीट न मिळालेला कालपर्यंतच्या सहकाऱ्याला ‘जातीयवादी’ ठरवतो, आणि मोठे पक्ष आपल्या सोयीने त्यातला एक आरोप उचलून दुसऱ्यावर फेकतात. या शब्दांची किंमत आपण चव्हाट्यावर घालवली तर, ज्या दिवशी एखादी मायमाउली खरोखरचा जातीय अत्याचार सांगायला पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी राहील, त्या दिवशी ठाणेदार तिच्याकडे पाहून ‘हेही राजकारणच’ असे म्हणेल. तिचा शब्द जपणे हे आपले काम आहे.

तेव्हा आरोप करा, जरूर करा. पण फिर्यादीसारखा करा. कोणी केले, कधी केले, कोठे केले, कोण साक्षीला आहे, कागद काय आहे आणि भरपाई काय हवी, हे लिहून काढा. आणि आपल्या माणसावर आरोप आला तर त्याला आधी विचारा, पूर्ण भाषण ऐका, मग तोंड उघडा. कोणता पक्ष आपल्याला शाबासकी देईल, याचा विचार त्यानंतरही करू नका.