लक्षण की पुरावा?

झाशीच्या जुन्या तटाच्या दरवाजांपैकी एकाला आजही खंडेराव गेट म्हणतात. नाव ऐकताच मराठी वाचकाचे मन जेजुरीकडे जाते. आणि ज्या नगरीत 'माझा प्रवास'कार विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात सापडले होते तेथे असे नाव भेटावे यात नवलही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या तटाखालचा खडक हा आहे. किल्ल्याची टेकडी बुंदेलखंडी ग्रॅनाइटची. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त शिलारस थिजून झाला. प्राचीन जीवाची खूण शोधणारे सहसा अशा खडकाकडे वळत नाहीत. ते थराथराने साचलेल्या, गाळापासून झालेल्या खडकाकडे वळतात. झाशीहून दक्षिणेस निघालेली गाडी भोपाळ ओलांडून पुढे गेली की तसा खडक लागतो, आणि तेथे अलीकडे जे प्रकरण घडले त्याकडे भूवैज्ञानिकांइतकेच भाषेच्या अभ्यासकांनीही लक्ष द्यावयास हवे होते असे मला वाटते.

हे स्थळ म्हणजे भीमबेटका. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकरांना आगगाडीतून हे डोंगर दिसले आणि त्यांतील शैलचित्रे विद्वज्जगतापुढे आली. तेथील 'ऑडिटोरियम' नावाच्या गुहेच्या छतावर पानासारखी, शिरा उमटलेली एक आकृती २०२० मध्ये भूवैज्ञानिकांच्या नजरेस पडली. ग्रेगरी रिटॅलॅक व त्यांचे सहकारी यांनी ती डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म असल्याचे प्रसिद्ध केले. एवढ्या एका आकृतीवर खडकाचे वय ठरणार होते, कारण तो वालुकाश्म १०० कोटी वर्षांच्या आसपासचा असावा असे अन्य संशोधकांचे मत होते. पुढे जोसेफ मीर्ट यांच्या गटाने ती आकृती म्हणजे आग्या मोहोळाचा, माश्या उठून गेल्यावर उरलेला मेणाचा अवशेष असल्याचे दाखवून दिले; मधल्या काळात ती खडकावरून सुटूही लागली होती. २०२३ मध्ये रिटॅलॅक यांनी हे मान्य केले. विद्वानांच्या जगात ही गोष्ट वाटते तितकी नित्याची नाही.

संहितेच्या अभ्यासकास यात अपरिचित असे काही नाही. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले तेव्हा त्यांचा हात मूळ मजकुरावरून फिरलेला होता. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून संहिता सिद्ध केली तेव्हा गोडसे कोठे बोलतात आणि वैद्य कोठे, हे ताडून पाहता आले. आग्या मोहोळ हा भीमबेटकाच्या संहितेतील प्रक्षेपच होता. आणि लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून योगायोगाने अक्षर उमटते, या आपल्या घुणाक्षरन्यायाला इतके शब्दशः उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. फरक एवढाच की त्या न्यायात शंका अक्षराविषयी असते, किड्याविषयी नसते. परग्रहावरील खडकापुढे उभे राहिल्यावर किडा होता की नव्हता, हाच प्रश्न असतो.

मंगळावरील जेझेरो विवराच्या परिसरात जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स या यानाने 'चेयावा फॉल्स' नावाच्या खडकाचा नमुना घेतला. चिखलापासून झालेल्या त्या खडकावर बिबळ्याच्या अंगावरील ठिपक्यांसारखे गडद कडांचे ठिपके आहेत; त्यांत लोहाचे फॉस्फेट व लोहाचे सल्फाइड, आणि खडकात सेंद्रिय कार्बन. पृथ्वीवर गाळात अशी खनिजे अनेकदा सूक्ष्मजीवांच्या व्यवहारातून निर्माण होतात. परंतु जीवाविनाही ती होऊ शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये यावर जो निबंध 'नेचर'मध्ये आला त्यात म्हणूनच 'संभाव्य' हे विशेषण काळजीपूर्वक जपलेले आहे. नमुना अद्याप मंगळावरच आहे.

आता हे मराठीत सांगावयाचे कसे? 'जीवसृष्टीचा पुरावा' हा बातम्यांतील आवडता शब्दप्रयोग सर्वथैव त्याज्य होय, कारण पुरावा म्हटला की वाद मिटला असे मराठी कानाला वाटते. 'बायोसिग्नेचर'चे शब्दशः 'जैवस्वाक्षरी' करावे तर स्वाक्षरी म्हणताच स्वाक्षरी करणारा गृहीत धरला जातो, म्हणजे जे सिद्ध करावयाचे तेच शब्दात शिरून बसते. इंग्रजी शब्दातही हा दोष आहे. तो आपण कशासाठी उसना घ्यावा? न्यायशास्त्रातील 'लिंग' हा शब्द अर्थाने अचूक, पण 'जीवलिंग' हा समास आज कोणत्याही वर्गात गांभीर्याने उच्चारता येणार नाही.

मी 'जीवलक्षण' सुचवितो. वैद्य एका लक्षणावरून रोग ठरवीत नाही, आणि पावसाची लक्षणे दिसूनही पाऊस पडत नाही, हे व्यवहारातील मराठीला ठाऊक आहे. शिवाय शास्त्रात लक्षण म्हटले की अतिव्याप्तीची पृच्छा आपोआप येते: हे लक्षण निर्जीवालाही लागू पडत नाही ना? पीएच. डी. नंतर दोन-तीन वर्षांच्या छात्रवृत्तीवर या क्षेत्रात येणारे अनेक तरुण संशोधक नेमके हेच काम करतात. लोह, गंधक व कार्बन यांची मिश्रणे जीवाचा संपर्क टाळून तापवावयाची, आम्लात ठेवावयाची, आणि तेच ठिपके उमटतात का ते पाहावयाचे. उमटले, तर त्यांनी एक लक्षण बाद केलेले असते. अशा कामाची बातमी होत नाही आणि पुढची छात्रवृत्ती मिळण्याससुद्धा ते फारसे उपयोगी पडत नाही, परंतु भीमबेटकाला मीर्ट यांच्या गटाने केले ते याच जातीचे काम होते.

हेतू साध्याला सोडूनही आढळला तर नैयायिक त्याला सव्यभिचार म्हणतात. आजच्या मराठीत हा शब्द वापरण्याची सोय राहिलेली नाही. 'अतिव्याप्त' मात्र निर्धोक आहे. बाद ठरलेल्या जीवलक्षणाला परिभाषाकोशात तोच शब्द द्यावा.